वऱ्हाडच्या वेशी

अमरावतीत ऑटोवाल्याला पत्ता सांगताना कुणी परकोट, तटबंदी असले शब्द काढत नाही. ‘जवाहर गेटले चालता का, भाऊ?’ एवढ्यावर काम भागतं. नागपुरी गेट आणि खोलापुरी गेट ही तर पोलीस ठाण्यांची नावं झाली आहेत. ‘खोलापुरी गेट हद्दीत घरफोडी’ अशी बातमी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दगडी कमान येत नाही, ठाणं येतं. अकोल्यातही तेच. दहीहांडा वेस, अगरवेस ही नावं तोंडात इतकी रुळलीत की ती कशाच्या वेशी होत्या हे विचारायचं सुचत नाही.

बाहेरचा पाहुणा आला की ‘इथं बघण्यासारखं काय?’ हा प्रश्न येतो आणि वऱ्हाडी यजमान थोडा ओशाळतो. चिखलदरा सांगतो, अंबादेवी सांगतो, शेगाव सांगतो. मोठं सरकारी वस्तुसंग्रहालय म्हणाल तर ते नागपुरात, १८६३ साली सुरू झालेला अजब बंगला. जुनी नाणी आणि ताम्रपट उचलून तिथं नेता येतात. दरवाजे नेता येत नाहीत, ते जागेवरच राहिले. म्हणून पाहुण्याला दरवाजे दाखवावेत असं माझं मत आहे. प्रत्येकापुढे तीन गोष्टी विचाराव्यात: हुकूम कुणाचा, पैसा कुणाचा, आणि भीती कुणाची. उत्तरं दर शतकात बदलत गेलेली दिसतात.

दरवाजांच्या या घराण्याचे मूळपुरुष डोंगरात आहेत, अकोट तालुक्यात सातपुड्याच्या माथ्यावर, नरनाळ्याला. किल्ला कुणी बांधला हे सांगणाऱ्या कथा पुष्कळ आहेत. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा वली वऱ्हाडात आला, त्याने गाविलगड उभारला आणि नरनाळा दुरुस्त केला. दुरुस्त केला, म्हणजे त्याआधी तिथं काहीतरी होतंच. वाटेवरचे साधे दरवाजे मागे टाकून महाकाली दरवाजापुढे आलं की पाय आपोआप थांबतात. फिकट वालुकाश्म, कमानीच्या दोन्ही अंगांना कोरलेली कमळं, बाजूंना पुढे आलेले सज्जे, त्यांना दगडी जाळ्या आणि वर अरबी अक्षरांचे पट्टे. शिकारखान्याच्या वाटेवर कुणी महाल बांधावा तसा हा दरवाजा दिसतो. लढाईशी त्याचा काही संबंध असेल असं वाटतच नाही.

त्यावरचा लेख सांगतो की हा दरवाजा शिहाबुद्दीन महमूदशहा बहमनीच्या काळात, १४८७ साली झाला. इथं इतिहास आठवावा लागतो. महमूदशहा १४८२ मध्ये गादीवर आला तेव्हा पोरगाच होता. महमूद गवानसारखा कर्ता वजीर आदल्याच वर्षी सुलतानाच्या हुकमाने मारला गेला होता आणि बिदरच्या दरबारात सरदारांची ओढाताण चालू होती. गवानने जाण्यापूर्वी वऱ्हाडचे दोन भाग केले होते, गाविल आणि माहूर. गाविल होतं फतहुल्ला इमादुल्मुल्काकडे. तेव्हा दगडावर नाव सुलतानाचं असलं तरी डोंगरावर सत्ता फतहुल्लाची होती. सुलतानाच्या नावाने एवढा नक्षीदार दरवाजा उभा राहतो आणि तीन वर्षांनी, १४९० मध्ये, तोच फतहुल्ला स्वतंत्र होऊन इमादशाही सुरू करतो. मालकाच्या नावाची पाटी मोठी करावी आणि मग दुकान आपल्या नावावर करून घ्यावं, असला हा व्यवहार.

हा माणूस मुळातच विलक्षण. जन्माने विजयनगरच्या मुलखातला कन्नड ब्राह्मण, लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या हाताखाली वाढला आणि शेवटी त्याच सुभ्याचा राजा. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर सिंह आहेत आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड आहे, चोचीत आणि पंजात हत्ती धरलेला. हा पक्षी कर्नाटकाच्या शिल्पात मुरलेला. लहानपणी सुटलेल्या मुलखाची आठवण फतहुल्लाने सातपुड्याच्या दरवाजावर कोरून घेतली, असं अभ्यासक मानतात. मला हे पटतं. चिखलदऱ्याला येणारे पर्यटक पंचबोल पॉइंटवर ओरडून प्रतिध्वनी ऐकतात आणि परत फिरतात. गाविलगड तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण दिल्ली दरवाजापर्यंत थोडेच पोचतात. पोचतात त्यांतले बरेच दरवाजाला पाठ करून फोटो काढतात.

डोंगरातून खाली काळ्या मातीत उतरलं की दरवाजांचं रूप पालटतं. नक्षी जाते, चौकशी येते. अकोल्याचा असदगड औरंगजेबाच्या वजिराच्या, असदखानाच्या नावाचा. अकोला त्याची जहागीर होती. दहीहांडा वेशीवरचा लेख १६९७ चा मानला जातो आणि त्यात बादशहाच्या मागोमाग असदखानाचं नाव येतं. बांधकाम करवून घेतलं ख्वाजा अब्दुल लतीफने. वजीर स्वतः तेव्हा दक्षिणेत बादशहाच्या मोहिमेवर, आणि त्याचा मुलगा झुल्फिकारखान दूर जिंजीला राजाराम महाराजांभोवती वर्षानुवर्षं वेढा घालून बसलेला. मराठ्यांच्या फौजा वऱ्हाडात घुसून वसुली करायला लागल्या होत्या. म्हणजे हुकूम वजिराचा, देखरेख कारभाऱ्याची आणि पैसा जहागिरीतल्या कापूस-ज्वारीच्या साऱ्याचा. मोर्णेकाठचा हा कोट लढाईच्या डावपेचांपेक्षा तिजोरीसाठी बांधला गेला असावा. वऱ्हाडातल्या वेशीचं काम इथून बदललं. राजाचा थाट मागे पडला, जमा झालेला पैसा रात्रभर सुखरूप ठेवणं पुढे आलं.

याच असदगडाच्या अगरवेशीवर आणखी एक लेख आहे, मराठीत. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हा किल्लाच गोविंद अप्पाजीने १८४३ साली बांधला. बाकीच्या सगळ्या लेखांशी याचा मेळ बसत नाही, म्हणून जुन्या गॅझेटिअरने त्याकडे जरा नाक मुरडूनच पाहिलं आहे. मला मात्र सबंध किल्ल्यात हाच लेख सगळ्यांत जवळचा वाटतो. दीडशे वर्षांनी पडझड झालेली वेस कुणीतरी पुन्हा उभी केली असेल, आणि वजिराने नाव कोरलं तर आपण का नको, असं त्याला वाटलं असेल. सुलतान, वजीर आणि मग एक गोविंद अप्पाजी. नावाला ना खिताब, ना खान, ना बहादूर.

बाळापूरला पारस-अकोला बाजूने जाताना मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात पक्क्या विटांचा कोट दिसतो. त्याचे दरवाजे एकाआड एक असे आहेत की आत शिरणाऱ्याला सरळ धावता येऊ नये. पावसाळ्यात दोन्ही नद्या भरल्या की कोट जवळजवळ पाण्यानेच वेढला जातो. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा बाळापूरला राहत असे, काम त्याच्या वेळचं, आणि पुरं केलं अचलपूरच्या नवाब इस्माईलखानाने १७५७ मध्ये, ही परंपरा ठाम आहे. मात्र ठिकठिकाणी ‘१७२१ मध्ये आझमशहाने सुरुवात केली’ असं छापलेलं सापडतं. आझमशहा तर १७०७ मध्येच जाजाऊच्या लढाईत भावाच्या फौजेकडून मारला गेला. मेलेल्या शहजाद्याला चौदा वर्षांनी पाया खोदायला लावणारे हे आकडे एकाचं पाहून दुसरा उतरवत आला आहे. साल खरं असेल तर माणूस दुसरा, माणूस खरा असेल तर साल दुसरं.

बाळापूरच्या परिसरातच १७२० मध्ये निजामुल्मुल्काने आलमअलीखानाला हरवलं आणि दख्खनची सुभेदारी त्याच्या हाती पक्की झाली. पुढे दोन शतकं वऱ्हाडी माणसाच्या कागदपत्रांत हैदराबादचं नाव येत राहिलं, त्याचं एक मूळ या लढाईत आहे. नदीकाठी मिर्झाराजा जयसिंगाची छत्री आहे, तीही पाहून घ्यावी. मात्र ती चारही बाजूंनी मोकळी, तिला दरवाजा नाही. तेव्हा आपल्या कथेत ती पाहुणीच.

अचलपूरच्या दुल्हा दरवाजाजवळही मी रेंगाळत नाही, जरी त्याचं नाव फार गोड आहे. लग्नाच्या पोशाखात लढायला निघालेल्या शाह अब्दुल रहमान या वलीची आठवण त्यात आहे. मला घाई आहे ती अमरावतीच्या परकोटाची, कारण या वंशातला सगळ्यांत वेगळा गडी तोच.

परकोटाचं काम १८०७ मध्ये निजाम सरकारने सुरू केलं. निजाम होता सिकंदरजाह. अमरावती तेव्हा राजधानी नव्हती. वऱ्हाडचा सुभा अचलपूरहून चाले, डोंगरी किल्ले नागपूरकर भोसल्यांकडे होते. अमरावतीत होते ते सावकार, अडते आणि कापसाचे व्यापारी. भीती होती पेंढाऱ्यांची. त्यांची टोळी शहर जिंकायला येत नसे. ती येई, घर फोडी, सोनं-रुपं घोड्यावर घाली आणि सूर्य वर यायच्या आत कोसभर पलीकडे जाई. असल्या शत्रूसाठी डोंगरी किल्ला काय कामाचा? त्याला लागते ती बाजारपेठेभोवती अखंड भिंत. म्हणून हा परकोट. वीस ते सव्वीस फूट उंच, सव्वादोन मैल घेराचा, घडीव काळ्या दगडाचा. पाच दरवाजे: अंबा, भुसारी, खोलापुरी, नागपुरी, महाजनपुरी. आणि चार खिडक्या: पाटील, माता, छत्रपुरी, खुनारी.

नावं ऐकली की दिसतं, यात एकही राजा नाही. नागपूर आणि खोलापूर ही रस्त्याची टोकं, अंबा ही गावची देवी, भुसारी म्हणजे धान्याचा व्यापारी, महाजन म्हणजे सावकार. नरनाळ्याच्या दरवाजावर सुलतान आहे, अकोल्याच्या वेशीवर वजीर आहे, अमरावतीच्या दरवाजांना थेट बाजाराचीच नावं. हुकूम निजामाचा असला तरी भिंत व्यापाऱ्यांची. (भुसारी गेटचं पुढे जवाहर गेट झालं. भुसाऱ्यांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.)

खिडकी म्हणजे भिंतीतला छोटा दरवाजा, माणूस वाकून जाईल एवढा. रात्री मोठे दरवाजे लागले की उशिरा आलेल्याला इथून घ्यायचं. खुनारी खिडकीचं नाव मात्र रक्ताचं आहे. तिच्याजवळच्या एका मारामारीत सातशे माणसं पडली, असं गॅझेटिअरमध्ये नोंदलेलं आहे. सातशे हा आकडा फुगलेला असू शकतो. जुन्या नोंदींतले असे आकडे मी थोडे कमी करूनच वाचतो. पण मोठ्या दरवाजावर गर्दी झाली की माणसं लहान दाराकडे वळतात आणि तिथं चेंगरून मरतात, हे कुठल्याही जत्रेत कळतं. नाव उगीच पडत नाही.

आता गंमत अशी की परकोट पुरा व्हायला १८२१ उजाडलं. तोवर ज्यांच्यासाठी तो बांधायला घेतला ते पेंढारी उरलेच नव्हते. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांना चारही बाजूंनी घेरून मोडलं. करीमखान शरण आला. चितू जंगलात पळाला आणि अशीरगडाकडच्या रानात वाघाने त्याला मारलं. अमरावतीचा परकोट शेवटचा दगड बसला तेव्हाच निरुपयोगी झाला होता. सरकारी काम उशिरा होणं ही काही आजची रीत नाही.

तरीही भिंतीने पन्नास वर्षं एक काम चोख केलं. तिच्या आत पैसा साठला. इथला कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई, पाचशे मैल. १८४२ मध्ये एकट्या व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केला, असं सांगतात. सराफ्यातल्या आणि सक्करसाथेतल्या जुन्या घरांच्या नक्षीदार लाकडी दर्शनी बाजू पाहिल्या की यातला बराच पैसा कुठं गेला ते कळतं. मग १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी लागली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे धावायला लागली. बडनेऱ्याहून अमरावतीला सहा मैलांचा फाटा आला. स्टेशन परकोटाबाहेर, जिनिंग-प्रेसिंग परकोटाबाहेर, साहेबांचे बंगले त्याहून लांब कॅम्पात. कॅम्प हे नाव इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तळावरून पडलं असं सांगतात. पैसा वेशीतून बाहेर पडला आणि परत आत राहायला आला नाही. दारांची कुलपं-अडसर कधी निघाली याची कुणी नोंदही ठेवली नसेल.

वेलस्लीचं नाव आलंच, तर गाविलगडाचा शेवट सांगायला हवा. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात त्याने भोसल्यांच्या फौजेला हरवलं आणि पुढचा मोर्चा गाविलगडाकडे वळवला. स्टीव्हन्सनच्या तुकडीने तोफा डोंगरदऱ्यांतून ओढत उत्तरेच्या बाजूला, लबाडा गावाच्या अंगाला आणल्या. बाहेरचा तट फुटला. आतला तट मात्र धड होता आणि त्याचा दरवाजा बंद होता. १५ डिसेंबरला कॅप्टन कॅम्पबेल थोडे शिपाई घेऊन शिडीने आतल्या तटावर चढला, खाली उतरला आणि त्याने दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंहाचा देह दरवाजाजवळच्या प्रेतांच्या राशीत सापडला. नरनाळ्या-गाविलगडाचे दरवाजे कितीही देखणे असोत, त्यांचं भवितव्य नेहमी असंच ठरलं: बाहेरच्या तोफेपेक्षा आत पोचलेल्या मूठभर माणसांनी. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला. १८५८ मध्ये तात्या टोपे येऊन गाविलगड बळकावेल या धास्तीने त्यांनी तो मोडून टाकला. असदगडाचीही तटबंदी पुढच्या काळात पाडली गेली. त्याच्या मधल्या उंच भागाला हवाखाना म्हणत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिथं शाळा भरत असे.

भिंती गेल्या, पण वऱ्हाडात दारं बंद होतीच. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अजून वर्षही झालं नव्हतं. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. डॉ. पंजाबराव देशमुख परिषदेत बरोबर होते. देवस्थान समितीच्या बाजूने दादासाहेब खापर्ड्यांचं नाव होतं, टिळकांचे जिवलग, स्वराज्यासाठी हयात घालवलेला माणूस. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना थोरले बंधू बाळाराम वारल्याची तार मिळाली. तरी परिषद चालली. सत्याग्रह लगेच न करता विश्वस्तांना मुदत द्यायची असं ठरलं. याच अंबेच्या नावाचा दरवाजा परकोटात आहे. त्यातून पेंढारी कधी आत आले नाहीत. देवीच्या दारात अडवली गेली ती माणसं गावचीच होती, तीच शहराचे रस्ते झाडत आणि सूतगिरणीत राबत. अमरावतीचे दरवाजे पाहणाऱ्याने या एका दाराचाही हिशेब धरावा. ते कुठल्याही पर्यटन नकाशावर नसतं.

पाहायचंच ठरवलं तर क्रम उलटा घ्यावा. सकाळी लवकर जवाहर गेट, दुकानं उघडायच्या आत, कारण दहा वाजल्यानंतर कमानीकडे वर पाहत उभं राहिलं की मागून दुचाकीवाले हॉर्न वाजवतात. मग आतल्या गल्ल्यांतून भिंतीच्या कडेने जितकं चालता येईल तितकं चालावं. काही ठिकाणी घरं तटाला इतकी बिलगली आहेत की ती उभी आहेत तटाच्या आधाराने की तट त्यांच्या, हे ठरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी अकोला आणि बाळापूर. असदगडावरून मोर्णा दिसते. ती उन्हाळ्यात न पाहिलेली बरी. तिसरा दिवस अकोटवरून नरनाळ्याला. वाटेत अडगाव लागेल असं पाहावं, मैदान आहे तसंच मैदान आहे, तुरीचं आणि कापसाचं.

नरनाळा आता वन्यजीव अभयारण्यात, मेळघाटच्या वाघांच्या हद्दीत येतो. त्यामुळे महाकाली दरवाजाच्या आधी एक नवा दरवाजा लागतो, शहानूरचा वननाका. तिथं गाडीचा नंबर लिहून घेतात, माणसं मोजतात, पैसे घेतात आणि संध्याकाळपर्यंत खाली या असं बजावतात. या दरवाजावर लेख नाही, दरपत्रक आहे. वर पाणी-खाणं मिळेल या भरवशावर जाऊ नये, शिदोरी बरोबर ठेवावी, आणि उरलेले कागद-पिशव्या परत खाली आणाव्यात. नाक्यावर त्याचीही चौकशी होते.